‘फास्टर, पुसीकॅट! किल! किल!’ (१९६५) आणि समीक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस मायर यांच्या या अमेरिकन चित्रपटाबद्दल गेली साठ वर्षं दोन टोकांची मतं मांडली जात आहेत. कुणी कुठल्या आधारावर काय म्हटलं आणि स्वतः लिहायला बसल्यावर काय तपासावं, हे इथे एकत्र केलं आहे. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या वादाला हात घालता येत नाही, त्यामुळे कथेतलं सगळं उघड केलं आहे.

गोष्ट काय आहे?

वार्ला, रोझी आणि बिली या तिघी गो-गो नर्तकी सुट्टीच्या दिवशी वाळवंटात वेगवान गाड्या उडवायला निघतात. तिथे टॉमी आणि लिंडा हे तरुण जोडपं भेटतं. शर्यत होते, शर्यतीवरून बाचाबाची होते आणि वार्ला टॉमीला नुसत्या हातांनी ठार करते. लिंडाला त्या पळवून नेतात. पुढे पेट्रोल पंपावर कळतं, की जवळच्या एका रांचवर (शेतवाडीवर) चाकाच्या खुर्चीतला म्हातारा दोन मुलांसह राहतो आणि त्याने पैसा लपवून ठेवला आहे. तिघी पैशासाठी तिथे शिरतात. म्हातारा बायकांचा द्वेष करणारा आहे, आणि आपल्या धिप्पाड, मतिमंद मुलाच्या मदतीने तो काय करत आला आहे ते हळूहळू बाहेर येतं. दुसरा मुलगा किर्क त्यातल्या त्यात सरळ.

बिली हे सगळं सोडून निघते, तेव्हा वार्ला तिच्या पाठीत सुरी फेकते. म्हाताऱ्याला वार्ला गाडीने उडवते आणि त्याच्या खुर्चीत दडवलेल्या नोटा बाहेर पडतात. रोझीला म्हाताऱ्याचा तो धिप्पाड मुलगा भोसकतो. शेवटी वार्ला आणि किर्कची हातघाई चालू असताना लिंडा वार्लाच्या अंगावर गाडी घालते. लिंडा आणि किर्क वाचतात. एकूण ८३ मिनिटं, सगळी कृष्णधवल.

कुणी कुणी काम केलं आहे?

वार्ला म्हणजे टुरा सटाना, रोझी म्हणजे हाजी, बिली म्हणजे लोरी विल्यम्स. लिंडा सुझन बर्नार्डने केली आहे, म्हातारा स्टुअर्ट लँकेस्टरने. पटकथा जॅक मोरन यांची, छायालेखन वॉल्टर शेंक यांचं. दिग्दर्शन आणि संकलन मायर यांचं. निर्मितीत रस मायर यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी ईव्ह मायर यांचं नाव आहे आणि वितरणही ‘ईव्ह प्रॉडक्शन्स’चं. बाईच्या शरीरावर पैसा कमावणारा पुरुषांचा धंदा, एवढंच म्हणून या चित्रपटाचा निकाल लावणारे ईव्ह मायर यांचं नाव हटकून विसरतात. निर्माती बाई असली म्हणून चित्रपट आपोआप बायकांच्या बाजूचा ठरत नाही, हे खरं. पण युक्तिवाद करताना हे नाव गाळून चालणार नाही.

‘एक्सप्लॉइटेशन’ ही शिवी आहे की प्रकार?

धंद्याच्या भाषेत तो प्रकार आहे. मोठे तारे नाहीत, मोठा खर्च नाही. त्याऐवजी पोस्टरवर ओरडून विकता येईल असा एखादा विषय: मारधाड, शरीर, गुन्हा, नशा, मोटरसायकली. या चित्रपटाचा खर्च साधारण ४५ हजार डॉलर सांगितला जातो. त्या काळातल्या हॉलीवूड स्टुडिओच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर होती. असे चित्रपट ड्राइव्ह-इनमध्ये (गाडीत बसून पाहायच्या उघड्या थिएटरांत) आणि शहरांतल्या स्वस्त थिएटरांत चालत.

त्या वेळच्या नियमांची स्थितीही लक्षात घ्यावी. पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणारी, मोठ्या स्टुडिओंना बांधणारी हेज संहिता १९६५ मध्ये कागदावर अजून होती. वयानुसार वर्गवारी नोव्हेंबर १९६८ मध्ये आली. स्टुडिओंच्या संघटनेबाहेरच्या निर्मात्याला संहितेचा शिक्का नसतानाही चित्रपट दाखवता येत असे, फक्त थिएटर मिळवावं लागे. राज्याराज्यांतली सेन्सॉर मंडळं ही दुसरी अडचण. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्रीडमन विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात या मंडळांच्या अधिकारांना वेसण घातली. चित्रपट आक्षेपार्ह आहे हे आता मंडळाने सिद्ध करायचं आणि न्यायालयाचा निर्णयही लवकर मिळायला हवा. मायर यांचा चित्रपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला.

तेव्हाच्या समीक्षकांनी काय लिहिलं?

फार थोडं. प्रतिष्ठित वृत्तपत्रांचे समीक्षक ड्राइव्ह-इनला जात नसत. त्यामुळे ‘१९६५ मध्ये समीक्षकांनी चित्रपट झोडपला’ हे वाक्य जिथे तिथे दिसतं ते तितकंसं बरोबर नाही. बहुतेकांनी तो पाहिलाच नाही. चित्रपट धंद्याचं पत्र असलेल्या ‘व्हरायटी’ने मात्र दखल घेतली आणि त्यांचं निदान नेमकं होतं: पटकथा एकसुरी आहे, तरी मायर यांचं दिग्दर्शन आणि विशेषतः संकलन उत्तम असल्यामुळे त्यातून चांगली कामं उभी राहिली आहेत. ‘व्हरायटी’चा वाचक थिएटरवाला असतो. चित्रपट चालेल का आणि बनवणाऱ्याला हत्यार चालवता येतं का, एवढं त्याला कळायला हवं असतं. त्यामुळे या परीक्षणात नीतिमत्तेची चर्चा नाही आणि कारागिरी मात्र ओळखलेली आहे. नंतरच्या तीस वर्षांत जे लिहिलं गेलं त्यातल्या बऱ्याच मजकुरापेक्षा ही छोटी नोंद अधिक उपयोगाची वाटते.

‘मोटरसायको’ चालला, मग हा का पडला?

१९६५ मध्येच मायर यांचा ‘मोटरसायको’ आला होता. त्यात तीन गुंड पुरुष मोटरसायकलींवरून वाळवंटात धुमाकूळ घालतात. तो चालला, म्हणून तोच साचा बायकांवर बसवायचं ठरलं. हाजी दोन्हींत आहे. ‘मोटरसायको’त प्रेक्षकाला बाजू घ्यायला सोपं जातं, कारण गुंडांचा पाठलाग करणारा नायक त्यात आहे. इथे नायक म्हणावा असा किर्क बराच उशिरा येतो, मऊ आहे आणि शेवटी त्याला लिंडाच वाचवते. ज्या पुरुष प्रेक्षकाला पोस्टर दाखवून आत बोलावलं, त्याला पडद्यावर स्वतःची जागाच सापडत नाही. चित्रपट पडण्याचं मोठं कारण आम्हाला हेच वाटतं, आणि तीस वर्षांनी तो वर येण्याचंही.

यात नग्नता आहे का?

नाही. ज्यांनी तो न पाहता लिहिलं आहे ते इथेच पकडले जातात. मायर यांचं नाव १९५९ च्या ‘द इम्मॉरल मिस्टर टीस’ या नग्नतेवर चाललेल्या चित्रपटाने झालं होतं आणि पुढच्या त्यांच्या चित्रपटांतही ती भरपूर आहे. १९६४-६५ मधले ‘लोर्ना’, ‘मडहनी’, ‘मोटरसायको’ आणि हा, असा त्यांच्या चार कृष्णधवल चित्रपटांचा गट आहे. त्यात भर हिंसेवर आणि अंधाऱ्या ग्रामीण वातावरणावर आहे. ‘फास्टर, पुसीकॅट’मध्ये खोल गळ्याचे, घट्ट कपडे आहेत, खालून वर बघणारा कॅमेरा आहे, द्व्यर्थी संवादांची रेलचेल आहे, उघडं अंग नाही. आक्षेप घ्यायचा तर जे पडद्यावर आहे त्यावर घ्यावा.

मग स्त्रीवादी समीक्षकांचा आक्षेप नेमका कशावर होता?

सुरुवातीचं दृश्यच घ्या. काळा पडदा. एक पुरुषी आवाज प्रेक्षकांचं हिंसेत स्वागत करतो आणि सांगतो, की हिंसा नाना रूपं घेते पण तिला सगळ्यात आवडतो तो कामवासनेचा वेश. बोलणं चालू असताना पडद्यावर फिल्मच्या ध्वनिपट्टीच्या उभ्या रेघा थरथरत राहतात आणि वाढत जातात. मग एकदम क्लब. तिघी नाचताहेत, कॅमेरा त्यांच्या पायांशी, आणि मध्ये मध्ये घामेजलेल्या पुरुषांचे चेहरे, ‘गो! गो!’ ओरडणारे. तिथून झटक्यात वार्लाचं गाडीतलं हसू आणि गाणं.

१९७५ मध्ये लॉरा मल्व्ही यांचा चित्रपटातल्या पुरुषी नजरेवरचा प्रसिद्ध निबंध ‘स्क्रीन’ या नियतकालिकात आला. त्या चष्म्यातून पाहिलं तर आरोपपत्र तयारच आहे: बाई ही बघण्याची वस्तू, कॅमेरा बघणाऱ्या पुरुषाच्या जागी, ताकदवान बायका दुष्ट ठरवून मारून टाकलेल्या, आणि लिंडाला बांधून ठेवण्याचे, पळवण्याचे प्रसंग मजेसाठी लांबवलेले. यातला एकही मुद्दा खोटा नाही. लिंडावर आणलेला दबाव आजही बघवत नाही आणि बघवू नयेच.

अडचण एका ठिकाणी येते. क्लबमधले ते चेहरे इतके ओंगळ टिपले आहेत, की बघणाऱ्या पुरुषाला तिथे स्वतःचंच तोंड दिसावं. नजर आहे, आणि नजरेची किळसही आहे. दोन्ही एकाच कटमध्ये. आरोपपत्रात यातलं अर्धंच येतं.

बी. रूबी रिच यांनी मत का बदललं?

या चित्रपटाच्या समीक्षेच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना. रिच या अमेरिकेतल्या मोठ्या स्त्रीवादी समीक्षक. १९७० च्या दशकात त्यांनी हा चित्रपट पाहिला तेव्हा त्या भडकल्या होत्या. पुरुषांच्या वासनेला खाद्य पुरवणारा आणखी एक चित्रपट, असं त्यांचं मत झालं. १९९५ मध्ये तो पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात लेख लिहून आपलं आधीचं मत जाहीरपणे मागे घेतलं आणि चित्रपटाचं कौतुक केलं.

मधल्या काळात काय काय झालं ते पाहा. १९७६ मध्येच चित्रपट-अभ्यासक पॅम कुक यांनी ‘स्क्रीन’मध्ये एक्सप्लॉइटेशन चित्रपट आणि स्त्रीवाद यांवर लिहून दाखवलं होतं, की या स्वस्त चित्रपटांतले ढोबळ साचे इतके उघडे असतात की ते उलटवताही येतात. १९९२ मध्ये कॅरल क्लोव्हर यांचं भयपटांवरचं पुस्तक आलं आणि पुरुष प्रेक्षक पडद्यावरच्या बाईशी तादात्म्य पावतो का, हा प्रश्न अभ्यासाचा झाला. त्याच वर्षी रिच यांनी स्वतः समलिंगी दिग्दर्शकांच्या नव्या चित्रपटांच्या लाटेला नाव दिलं. अशा वातावरणात रोझीकडे नव्याने लक्ष जाणं स्वाभाविक होतं. वार्ला किर्कला भुलवायला जाते तेव्हा रोझीचा चेहरा कसा पडतो ते पाहा. एकही शब्द न बोलता ती वार्लावर प्रेम करते हे कळतं. १९६५ च्या ड्राइव्ह-इनमध्ये हे किती जणांना दिसलं असेल? १९९५ च्या प्रेक्षकाला ते दिसणं सोपं होतं.

रिच यांच्या लेखाचा आधार देताना एक पथ्य पाळावं. ‘स्त्रीवाद्यांनी चित्रपट स्वीकारला’ असं लिहू नये. एका समीक्षकाने, कारणं देऊन, आपलं मत बदललं. लिंडाच्या प्रसंगांबद्दलचा आक्षेप त्याने संपत नाही.

जॉन वॉटर्स यांचं ते प्रसिद्ध वाक्य खरं आहे का?

खरं आहे. बाल्टिमोरचे दिग्दर्शक वॉटर्स यांनी १९८१ च्या ‘शॉक व्हॅल्यू’ या पुस्तकात म्हटलं आहे, की हा निःसंशय आजवरचा सर्वोत्तम चित्रपट आहे आणि पुढे बनणाऱ्या चित्रपटांपेक्षाही कदाचित चांगला असेल. हे वाक्य पोस्टरांवर, डिस्कच्या वेष्टनांवर सगळीकडे फिरतं. ते समीक्षा म्हणून वापरू नये. वॉटर्स हे त्या परंपरेतले दिग्दर्शक आहेत. आपलं घराणं कुठलं हे ते सांगताहेत. एक संदर्भ मात्र घ्यावा. १९६४ मध्ये अमेरिकन लेखिका सूझन सोंटॅग यांचा ‘कॅम्प’ अभिरुचीवरचा निबंध आला आणि अतिरेकी, भडक गोष्टींवर मनापासून प्रेम करण्याला शब्द मिळाला. वॉटर्स यांचं वाक्य त्या शब्दकोशातलं आहे. पुढे पंक बँडांनी हा चित्रपट उचलला तोही याच वाटेने: ‘द क्रॅम्प्स’ने १९८३ मध्ये त्याचं शीर्षकगीत गायलं आणि लॉस एंजेलिसमधल्या एका रॉक बँडने तर नावच ‘फास्टर पुसीकॅट’ घेतलं.

रॉजर ईबर्ट यांच्या परीक्षणावर किती विसंबायचं?

ईबर्ट हे अमेरिकेतले नावाजलेले चित्रपट समीक्षक. त्यांचं परीक्षण वाचावं, पण त्यांचं मायर यांच्याशी असलेलं नातं माहीत असू द्यावं. १९७० च्या ‘बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ या मायर यांच्या चित्रपटाची पटकथा ईबर्ट यांची आहे आणि दोघांची मैत्री जगजाहीर होती. अशा समीक्षकाचं मत तटस्थ म्हणून पुढे करता येत नाही.

तरी १९९५ च्या त्यांच्या परीक्षणातला एक मुद्दा पक्का आहे. लोकांना यात खेचून घेते ती ना कामुकता ना हिंसा, तर ताकदवान बायकांची भडक, पॉप आर्टसारखी कल्पनाचित्रं. ती अनैसर्गिक वाटतात, पण श्वार्झनेगर, स्टॅलोन वगैरे मंडळी साधारण अशीच पात्रं रंगवत आली आहेत, हे लक्षात आलं की ते वाटणं ओसरतं. या मुद्द्याची कसोटी घरच्या घरी घेता येते. वार्लाच्या कुठल्याही प्रसंगात तिच्या जागी त्या काळचा एखादा पिळदार नट मनात उभा करा. कमरेवर हात, फेकलेला संवाद, एका फटक्यात समोरचा आडवा. प्रसंग अगदी सवयीचा होऊन बसतो. त्या प्रसंगात खटकणारं जे उरतं, ते बाई ते करते आहे एवढंच.

शेवटी तिघीही मरतात. मग ही शिक्षाच ना?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि दोन्ही बाजू त्यात घाई करतात. कुणाच्या हातून कोण मरतं याचा हिशेब मांडून पाहा. टॉमी, बिली आणि म्हातारा वार्लाच्या हातून. रोझी म्हाताऱ्याच्या मुलाच्या हातून. वार्ला लिंडाच्या हातून. म्हणजे तीन नायिकांपैकी दोघींचा जीव बाईच्याच हातून जातो. ‘बायका एकजुटीने पुरुषसत्तेवर तुटून पडतात’ असं कौतुकाने लिहिणाऱ्यांनी बिलीच्या पाठीतली सुरी पाहायला हवी. वार्ला बायकांची पुढारी नाही. तिला पैसा हवा आहे आणि मध्ये येईल त्याला ती मारते.

दुसऱ्या बाजूने, ‘पुरुष शेवटी जिंकतो’ असंही नाही. वार्लाला किर्क हरवू शकत नाही. तिला संपवते ती चित्रपटभर रडणारी, बांधलेली लिंडा, आणि तेही वार्लाचंच हत्यार वापरून, गाडीने. जुन्या गुन्हेपटांच्या रिवाजाप्रमाणे गुन्हेगाराला शेवटी मरण येणं भागच होतं. पुरुष गुंडही असेच मरत. आमच्या मते शेवट रिवाजाचा आहे. त्यात चित्रपटाची भूमिका शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही, आणि म्हणून लेखाचा सगळा भार शेवटावर टाकू नये.

टुरा सटाना यांना किती श्रेय द्यायचं?

समीक्षेने आजवर दिलं आहे त्याहून पुष्कळ जास्त. १९६० च्या दशकात समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांच्या लेखनामुळे अमेरिकेत दिग्दर्शकालाच चित्रपटाचा कर्ता मानण्याची पद्धत रुजली आणि मायर त्या चौकटीत छान बसले. मग जे काही चांगलं ते सगळं मायर यांचं.

सटाना यांचा जन्म १९३८ मध्ये जपानमधल्या होक्काइदोचा. वडिलांकडून जपानी-फिलिपिनो आणि आईकडून मूलनिवासी अमेरिकन वारसा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलं गेलं तेव्हा त्यांनी बालपणातला काही काळ कॅलिफोर्नियातल्या मान्झनार छावणीत काढला. लहान वयात सामूहिक अत्याचार सोसल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. नंतर त्या कराटे आणि ऐकिदो शिकल्या, बर्लेस्क (क्लबमधल्या कामुक नाचाच्या) नर्तकी झाल्या. वार्लाचे काळे कपडे, रंगभूषा, मारामारीची शैली आणि संवादांतला काही भाग त्यांनी घडवला. म्हाताऱ्याच्या मुलाला भिंतीशी चेपण्याच्या प्रसंगातल्या गरगरणाऱ्या चाकांची कल्पनाही त्यांचीच.

तो प्रसंग पुन्हा पाहा. गाडीचं नाक त्याच्या अंगावर, पाठ भिंतीला, दोन्ही हातांनी तो गाडी मागे रेटतो आहे. मागची चाकं जागच्या जागी फिरताहेत, धूळ उडते आहे, इंजिन किंचाळतं आहे. कॅमेरा त्याचे दंड, चाक आणि वार्लाचा चेहरा यांत फिरतो. एक थेंब रक्त न दाखवता इतका ताण क्वचित उभा राहतो. संकलन मायर यांचं, प्रसंगाचा प्राण सटाना यांनी दिलेला. ‘टाइम’चे समीक्षक रिचर्ड कॉर्लिस यांनी मायर यांच्या सगळ्या चित्रपटांत त्यांचं हे काम सर्वांत प्रामाणिक आणि नक्कीच सर्वांत भीतिदायक ठरवलं, ते योग्यच होतं. सटाना २०११ मध्ये वारल्या.

मारामारीचे प्रसंग समीक्षेसाठी कसे पाहावेत?

पहिल्यांदा सलग ८३ मिनिटं, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि पानावर पाच रकाने आखा: वेळ, कोण मारतं, कोण मार खातं, कॅमेरा कुणाच्या बाजूला आहे, चौकटीत पूर्ण देह आहे की तुकडा. टॉमीचा खून आणि किर्कशी शेवटची झुंज हे दोन प्रसंग तरी असे नोंदवावेत. नंतर आवाज बंद करून तेच प्रसंग परत.

पूर्ण देहाच्या चौकटीत एकही कट न घेता फटका, पकड, पाडणं दिसलं, तर ते काम नटीने स्वतः केलं आहे. तुकड्यांत दिसलं तर परिणाम संकलनाचा. मायर फार झपाट्याने कापतात, त्यामुळे स्मृती फसवते आणि न दाखवलेला फटकाही पाहिल्यासारखा वाटतो. ‘अंगावर येणारी हिंसा’ असं लिहिण्याआधी पडद्यावर जखम दिसते का हे तपासा. बहुतेक वेळा आवाज, कोन आणि वेग एवढंच असतं.

आवाज बंद केल्यावर आणखी एक गोष्ट कळते. वार्ला उभी कशी राहते. पाय रुंद, वजन मागच्या पायावर, खांदे सैल. ही सरावलेल्या माणसाची उभं राहण्याची पद्धत आहे.

आज लिहिणाऱ्याने कुठले आक्षेप नव्याने घ्यावेत?

अपंगत्वाचा. म्हाताऱ्याच्या धाकट्या मुलाला नावच नाही. त्याला ‘व्हेजिटेबल’ (भाजी, म्हणजे बुद्धी नसलेला) म्हणतात आणि चित्रपट ते खपवून घेतो. म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची त्याच्या दुष्टपणाची खूण म्हणून वापरली आहे. जुन्या परीक्षणांत यावर अवाक्षर नाही. सटाना यांच्या वंशाबद्दलही तसंच. पौर्वात्य बाई म्हणजे एक तर नाजूक नाही तर कारस्थानी, हा हॉलीवूडचा ठसा. वार्ला त्यात कुठे बसते आणि कुठे तो मोडते, यावर अजून पुष्कळ लिहिता येईल.

टक्केवारी देणाऱ्या संकेतस्थळांवरचा आकडा वापरावा का?

या चित्रपटासाठी नको. तिथला टक्का म्हणजे अनुकूल परीक्षणांचं प्रमाण. चित्रपट किती चांगला याचं ते माप नव्हे. शिवाय त्यात मोजलेली बहुतेक परीक्षणं पुनर्प्रदर्शनानंतरची किंवा डिस्क आल्यानंतरची असतात. म्हणजे चित्रपट आधीच ‘कल्ट’ ठरल्यावर लिहिलेली. तो आकडा १९६५ च्या स्वागताचा पुरावा म्हणून देणं ही सरळ चूक आहे. आधार घेताना प्रत्येक परीक्षणाचं वर्ष लिहा.

लेखांत कुठल्या चुका वारंवार दिसतात?

छायालेखन मायर यांचं असं लिहिणं. ते युद्धात लष्कराचे कॅमेरामन होते आणि इतर बरेच चित्रपट त्यांनी स्वतः टिपले, म्हणून ही चूक होते. इथे कॅमेरा शेंक यांचा आहे. शीर्षकाचं श्रेय मायर यांना देणं ही दुसरी चूक. ती कल्पना ध्वनी-संकलक रिचर्ड ब्रमर यांची: वेग, कामुकता आणि हिंसा, तिन्ही एका ओळीत. रंगीत पोस्टर पाहून चित्रपट रंगीत समजणंही होतं. आणि ‘सूडकथा’ म्हणणं. सूड कुणाचाच नाही. वार्लावर चित्रपटात कुणी अन्याय केलेला दाखवलेला नाही, आणि तिच्या वागण्याला कारण न देणं हेच या पात्राचं वेगळेपण आहे.

आपल्याकडच्या चित्रपटांशी तुलना करता येते का?

दोन ठिकाणी करता येते, तीही जपून. मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ चा, म्हणजे तीस वर्षं आधीचा. चाबूक फिरवणारी फिअरलेस नादिया जनतेला डोक्यावर घ्यावीशी वाटली, पण अभ्यासकांनी तिच्याकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. १९९३ मध्ये रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट केला आणि तिची नव्याने चर्चा सुरू झाली. मायर यांच्या चित्रपटाचं पुनर्मूल्यांकनही त्याच काळातलं. फरक मोठा आहे: नादिया अन्यायाविरुद्ध लढते, वार्ला स्वतःसाठी.

दुसरी तुलना १९८० च्या दशकातल्या हिंदी सूडपटांशी. १९८८ च्या ‘जख्मी औरत’मध्ये अत्याचार झालेल्या बायका एकत्र येऊन पुरुषांना शिक्षा करतात. अत्याचार तपशिलात दाखवून त्याचीच विक्री करायची आणि वर न्यायाचा शिक्का मारायचा, असा आक्षेप अशा चित्रपटांवर घेतला जातो. ललिता गोपालन यांनी १९९७ मध्ये ‘स्क्रीन’मध्ये याच चित्रपटांतल्या सूड घेणाऱ्या बायकांवर लिहिलं. मराठीत लिहिणाऱ्याला त्यांचा लेख आणि रिच यांचा लेख शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

फिल्म सोसायटीत दाखवायचा तर काय काळजी घ्यावी?

भारतात सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणपत्र लागतं आणि हक्कधारकाची परवानगी वेगळी. दोन्हींची चौकशी तारीख ठरवण्याआधी करा. इंटरनेटवरची प्रत चालवू नका. सूचना-फलकावर स्पष्ट लिहा: अपहरण, लैंगिक जबरदस्तीचा प्रयत्न, खून, अपंग व्यक्तीबद्दल अवमानकारक भाषा. ‘प्रौढांसाठी’ एवढ्याने काम भागत नाही, कारण त्यावरून लोक नग्नता समजतात आणि ज्याला खरोखर त्रास होईल त्याला सूचना मिळत नाही.

चर्चा ठेवणार असाल तर चित्रपटाआधी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. वॉटर्स यांचं वाक्य आधी सांगितलं तर लोक हसायच्या तयारीने बसतात आणि लिंडाच्या प्रसंगांनाही हसतात. स्त्रीवादी आक्षेप आधी सांगितला तर क्लबमधल्या चेहऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. सटाना यांची माहिती मात्र आधी द्या. चर्चा सुरू करताना ‘आवडला का’ असं न विचारता एखादा ठरावीक प्रसंग घ्या: रोझीचा पडलेला चेहरा किंवा बिलीच्या पाठीतली सुरी. शक्य असेल तर तो दोन मिनिटांचा तुकडा परत लावा. वाद तिथून आपोआप सुरू होतो आणि हातात पुरावा राहतो.